फोनवरचा तिसरा माणूस : रिले सेवेच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमावलीत रिले सेवेसंबंधी एक बारीकसे कलम आहे. कॉल हाती घेतलेल्या ऑपरेटरने किमान दहा मिनिटे तरी त्यावर टिकून राहावे, मध्येच दुसऱ्याकडे सोपवून उठू नये, असे ते सांगते. बोलणाऱ्याचे अस्पष्ट उच्चार समजून घेऊन तेच शब्द पुन्हा उच्चारून दाखवायचे असतील, तर हीच मुदत वीस मिनिटांची होते. पहिल्या वाचनात हे कारखान्यातल्या पाळ्यांच्या नियमांसारखे कोरडे वाटते. पण थोडे थांबून विचार केला की लक्षात येते, इथे कुणाचे तरी बोलणे दुसऱ्याच्या तोंडून चालले आहे. त्या तोंडाची सवय व्हायला वेळ लागतो. डॉक्टरला दुखणे सांगताना, घरमालकाशी वाद घालताना ते तोंड अचानक बदलले, तर जमत आलेले संभाषण पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दामच या कलमापासून करते आहे. रिले सेवेचा विषय निघाला की लोक लगेच यंत्रांकडे वळतात. कोणते अ‍ॅप, कोणता फोन, आता एआय आल्यावर हे सगळे सुटणारच ना, वगैरे. यंत्रे महत्त्वाची आहेतच. पण गेल्या साठ वर्षांचा इतिहास नीट वाचला, तर खरा पेच यंत्राच्या मधोमध बसलेल्या माणसाचा आहे. दोघांच्या बोलण्यात तिसरा येतो आणि त्याने असून नसल्यासारखे वागावे अशी अपेक्षा असते. त्याचा पगार कोणी द्यायचा, त्याने काय विसरायचे, कोणाच्या वतीने ‘मी’ म्हणायचे, हे सारे लिहून ठरवावे लागते. भाषाशास्त्र, समाजशास्त्र, कायदा आणि दूरसंचाराचे अर्थकारण या सगळ्यांना त्या एका खुर्चीपाशी यावेच लागते. म्हणून हा विषय कुणा एका विद्याशाखेचा नाही, आणि कुठल्याही शाखेतून आलेल्याला इथे उपरे वाटायचे कारण नाही.

सेवेचे स्वरूप थोडक्यात सांगते. ऐकू न येणारा माणूस टाइप करतो किंवा कॅमेऱ्यासमोर सांकेतिक भाषेत बोलतो. ऑपरेटर किंवा दुभाष्या ते पलीकडच्या ऐकणाऱ्या माणसाला बोलून सांगतो आणि त्याचे उत्तर टाइप करून किंवा खुणांनी परत पोचवतो. ज्यांना स्वतः बोलता येते पण ऐकू येत नाही, ते आपल्या आवाजात बोलतात आणि फक्त उत्तर वाचतात. ज्यांना ऐकू येते पण बोलता येत नाही, ते कानांनी ऐकून टाइप करतात. अमेरिकेत २००१ च्या ऑक्टोबरपासून कुठूनही ७११ फिरवले की ही सेवा मिळते. ऐकणारा माणूसही तोच क्रमांक फिरवून कर्णबधिर मित्राला फोन करू शकतो. ही दुसरी दिशा बहुतेक जण विसरतात.

इतिहास सांगायचा तर ग्रॅहम बेलला टाळता येत नाही. मार्च १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळवणाऱ्या बेलच्या आईला नीट ऐकू येत नसे. पुढे ज्यांच्याशी त्याचे लग्न झाले त्या मेबल हबर्ड पाच वर्षांच्या असताना स्कार्लेट तापात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. बेल स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक, आणि त्यांना खुणांऐवजी तोंडाने बोलायलाच शिकवावे या मताचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्या घरातल्या या दोन स्त्रियांना त्याच्याच शोधाचा उपयोग नव्हता, ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यात आता फारसा रस उरलेला नाही. मला त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टेलिफोन येण्याआधी दूरच्या माणसाशी व्यवहार करायचा तर सगळ्यांनाच पत्र लिहावे लागे, तार करावी लागे किंवा उठून जावे लागे. त्या बाबतीत कर्णबधिर माणूस इतरांच्या बरोबरीने होता. फोन घरोघरी पोचला, नोकरीच्या जाहिरातीत आणि दवाखान्याच्या पाटीवर नंबर आला, तसतसा तो मागे पडत गेला. त्याच्या कानात काहीच बदलले नव्हते, बदलली होती ती जगाची व्यवहाराची रीत. अपंगत्व समाज कसे घडवतो, हे विद्यार्थ्याला समजावून सांगायला याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

यातून वाट काढली ती कर्णबधिरांनीच. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेक्ट हा भौतिकशास्त्रज्ञ, जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स हा उद्योजक असे तिघे एकत्र आले. तिघेही कर्णबधिर होते. वाइटब्रेक्टला हॅम रेडिओचा नाद होता, त्यामुळे टेलिप्रिंटर त्याच्या ओळखीचा होता. अडचण वेगळीच होती. फोनच्या तारेला परके उपकरण जोडायला टेलिफोन कंपनीची मनाई होती. म्हणून वाइटब्रेक्टने तारेला हातच लावला नाही. फोनचा रिसीव्हर रबरी वाट्यांत ठेवायचा, टेलिप्रिंटरच्या अक्षरांचे सूर करून ते रिसीव्हरच्या तोंडाशी वाजवायचे आणि पलीकडे त्या सुरांची पुन्हा अक्षरे करायची. कंपनीच्या दृष्टीने फोनवर नेहमीसारखा आवाजच जात होता! १९६८ मध्ये कार्टरफोन प्रकरणात आयोगाने ही मनाई मोडीत काढली. त्याच वर्षी कंपनीने आपले जुने टेलिप्रिंटर कर्णबधिरांना द्यायचे मान्य केले. एकट्याला न उचलणारी ती धुडे स्वयंसेवकांनी गॅरेजमध्ये आणून दुरुस्त केली आणि घरोघरी बसवली. हॅरी लँग यांनी २००० साली या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला. त्यांनी त्याला सरळ बंड म्हटले आहे, आणि तो शब्द मला अवाजवी वाटत नाही.

या यंत्रांची भाषा होती बोदो संकेताची. फ्रेंच तार-अभियंता एमिल बोदो याने एकोणिसाव्या शतकात रचलेल्या पद्धतीतून आलेली, प्रत्येक अक्षराला पाच बिट देणारी, फक्त मोठी रोमन अक्षरे असलेली, आणि मिनिटाला जेमतेम साठ शब्दांची. एका वेळी एकानेच टाइप करायचे, नाहीतर दोघांचीही अक्षरे विस्कटतात. त्यामुळे आपले बोलणे संपले की ‘जीए’ लिहायचे, म्हणजे आता तुम्ही बोला. फोन संपवायचा असेल तर ‘एसके’. पुढे संगणकांचे वेगवान संकेत आले तरी कर्णबधिर समाज कित्येक वर्षे बोदोवरच राहिला. बाहेरच्यांना हा जुनाटपणा वाटे. पण ज्याच्या ओळखीच्या सगळ्यांकडे जुनी यंत्रे आहेत, त्याने एकट्याने नवे घेऊन बोलायचे कोणाशी? जाळ्याचा उपयोग त्यात कोण आहे यावर ठरतो.

आणि नेमके हेच दुसऱ्या बाजूनेही नडत होते. टेलिप्रिंटर घरी आला तरी बोलता येई ते दुसऱ्या टेलिप्रिंटरवाल्याशीच. किराणा दुकानात, शाळेत, दवाखान्यात तो कुठून असणार? मग ज्यांच्याकडे यंत्रही आहे आणि कानही आहेत अशा काही जणांनी मधे बसून निरोप पोचवायला सुरुवात केली. रिले सेवेचा जन्म असा चांगुलपणातून झाला, आणि चांगुलपणाच्या साऱ्या मर्यादा तिला होत्या. रात्री सेवा नाही, सुट्टीला नाही, फोन लांबला तर कपाळाला आठी. कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये राज्यभर चोवीस तासांची सेवा सुरू केली. १९९० च्या अपंग हक्क कायद्याच्या चौथ्या प्रकरणाने ती साऱ्या देशासाठी सक्तीची केली आणि टेलिफोन कंपन्यांना २६ जुलै १९९३ ही मुदत दिली. केरन पेल्ट्झ स्ट्रॉस या वकीलबाई त्या लढ्यात स्वतः होत्या. त्यांनी २००६ मध्ये लिहिलेला इतिहास कायद्याच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. या कायद्याची कसोटी एकच होती. ऐकू येणाऱ्याला फोनने जे जे करता येते, ते सगळे कर्णबधिरालाही तुल्य रीतीने करता आले पाहिजे. रिलेसाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत, कॉलच्या लांबीवर बंधन घालायचे नाही, कुठलाही कॉल नाकारायचा नाही. खर्च सगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या निधीतून, म्हणजे शेवटी सगळ्याच ग्राहकांकडून. रस्ता सगळ्यांच्या करातून होतो त्याच न्यायाने.

आता एक कॉल जवळून पाहू. मूळ इंग्रजी व्यवहार मी मराठीत मांडते आहे. एका कर्णबधिर बाईंना नळदुरुस्तीवाल्याला फोन करायचा आहे. ऑपरेटर नंबर लावतो आणि पलीकडून आवाज आल्यावर सांगतो, “तुम्हाला रिले सेवेमार्फत फोन आला आहे. असा फोन तुम्ही पूर्वी कधी घेतलाय का?” पलीकडचा म्हणतो, “आम्हाला काही घ्यायचं नाही,” आणि फोन ठेवतो. ऑपरेटर बाईंना टाइप करून कळवतो, समोरच्याने फोन ठेवला. पुन्हा लावू का? बाई म्हणतात, लावा. या खेपेस नळवाला ऐकून घेतो. पडद्यावर उमटते, (पुरुष) हं बोला जीए. बाई टाइप करतात, स्वयंपाकघरातला नळ रात्रीपासून गळतोय, आज येता येईल का जीए. ऑपरेटर ते वाचून दाखवतो. नळवाला जरा गोंधळून ऑपरेटरलाच सांगतो, “त्यांना सांगा, चारनंतर येतो.” ऑपरेटरच्या बोटांनी हेही जसेच्या तसे टाइप करायचे असते, त्यांना सांगा चारनंतर येतो जीए. बाई लिहितात, हा हा मी इथेच आहे जीए. मागे रेडिओ लागलेला असेल, कोणी हसले असेल, मूल रडत असेल, तर तेही कंसात लिहायचे, कारण ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतेच.

या साध्या कॉलमध्ये संशोधकाला काय काय सापडते ते पाहा. इमॅन्युएल शेगलॉफ यांनी १९६८ मध्ये पोलिसांकडे आलेल्या फोनच्या सुरुवाती तपासून दाखवले की फोनची घंटा ही हाक असते, ‘हॅलो’ हा तिला दिलेला ओ असतो, आणि बाकीचे संभाषण या जोडीवर उभे राहते. रिले कॉलमध्ये हाक एकाची आणि आवाज भलत्याचाच. ऐकणाऱ्याला अनोळखी, सरावलेला, विनम्र आवाज ऐकू आला की तो विक्रीचा फोन समजून ठेवून देतो, आणि सवयीने तो बरोबरच वागत असतो. अर्विंग गॉफमन यांची मांडणी इथे आणखी उपयोगी पडते. बोलणारा म्हणजे एकच माणूस, असे आपण धरून चालतो. गॉफमन त्याचे तीन भाग करतात : ज्याच्या तोंडून आवाज निघतो तो, ज्याने शब्द निवडले तो, आणि त्या शब्दांची जबाबदारी ज्याच्यावर येते तो. रोजच्या बोलण्यात हे तिघे एकाच अंगात राहतात. रिलेमध्ये ते वेगळे होतात आणि नळवाला बिचारा नेमका कुणाशी बोलावे या बुचकळ्यात पडतो. ‘त्यांना सांगा’ ही त्याची चूक मला फार मौल्यवान वाटते. जे सिद्धान्ताला पानेच्या पाने घालून समजावावे लागते, ते तो दोन शब्दांत करून दाखवतो.

ऑपरेटरच्या विसरण्याचे नियम तितकेच विलक्षण आहेत. कॉल संपला की त्यातले काहीही जपून ठेवायचे नाही, कुणाला सांगायचे नाही. वापरणाऱ्याने स्वतःहून सांगितल्याशिवाय सारांशही करायचा नाही, जसेच्या तसे पोचवायचे. शिव्या आल्या तर शिव्या. प्रेमभंग आला तर तोही. या नियमामागचे तर्कशास्त्र मला पटते, पण त्याची किंमतही मोजावी लागली आहे. इंटरनेटवरून रिले सुरू झाल्यावर परदेशातल्या भामट्यांनी चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर दुकानांना ऑर्डरी द्यायला तिचा सर्रास वापर केला. ऑपरेटरला फसवणूक दिसत होती, पण नियमाने तो मुका होता. मग दुकानदारांनी रिलेचे फोन सरसकट घेणे बंद केले आणि शिक्षा झाली ती खऱ्या कर्णबधिरांना. दुसरा घोटाळा पैशांच्या बाजूने झाला. व्हिडिओ रिले कंपन्यांना मिनिटांच्या हिशेबाने पैसे मिळतात. काहींनी खोटे कॉल चालवून मिनिटे वाढवली आणि २००९ च्या नोव्हेंबरात २६ जणांवर आरोप ठेवले गेले. सार्वजनिक सेवेचे मोल कशात मोजायचे, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न इथे अगदी उघडा पडतो.

व्हिडिओ रिलेला आयोगाने २००० मध्ये मान्यता दिली. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्यांना परक्या भाषेच्या व्याकरणात टाइप करत बसण्याऐवजी आपल्या भाषेत, भुवया आणि खांद्यांसकट, बोलता येऊ लागले. पण दुभाष्याच्या बाजूने पाहिले तर काम विचित्र आहे. साध्या पार्श्वभूमीच्या खोपट्यात कानाला हेडफोन लावून बसलेल्या दुभाष्याला पुढचा कॉल पिझ्झाचा आहे, घटस्फोटाचा आहे की कर्करोगाच्या तपासणीचा, हे क्षणभर आधीही ठाऊक नसते. रुग्णालयात प्रत्यक्ष जाणारा दुभाषी थोडी चौकशी करून जातो. इथे ती सोय नाही. समाजशास्त्रज्ञ जेरेमी ब्रन्सन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात या कामाचा अभ्यास श्रम म्हणून केला आहे. ‘सुलभता’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. ती कुणाच्या मनगटांतून आणि कुणाच्या मानसिक थकव्यातून तयार होते, हे विचारायला ब्रन्सन शिकवतात.

या साऱ्या प्रकारांत मला सगळ्यांत जवळची वाटते ती उच्चारांची रिले. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी), पार्किन्सनमुळे किंवा स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे ज्यांचे बोलणे अनोळखी कानाला कळत नाही, ते स्वतःच्याच आवाजात बोलतात. सराव केलेला ऑपरेटर वाक्याचा तुकडा ऐकतो आणि तोच तुकडा स्पष्ट उच्चारून दाखवतो. यात कुठलेही खास यंत्र नाही. लागतो तो शिकवलेला कान, आणि कळले नाही तर न लाजता पुन्हा विचारायची हिंमत. ही कल्पना पुढे रेटणारे कॅलिफोर्नियातले बॉब सेगलमन स्वतः मेंदूच्या पक्षाघाताने बाधित होते. मार्च २००१ पासून ही सेवा अमेरिकाभर मिळू लागली. ही सेवा फार थोडे लोक वापरतात, म्हणून धोरणाच्या चर्चेत ती शेवटच्या ओळीत येते. पण ऐकणे हे काम आहे, ते शिकावे लागते, हे तिच्याइतके लख्ख दुसरीकडे दिसत नाही. मुळाक्षरे न गिरवता बाराखडी येत नाही, तसेच.

मथळ्यांच्या, म्हणजे कॅप्शनच्या, फोनची गोष्ट उलट दिशेने जाते. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाला पलीकडचा आवाजही ऐकू येतो आणि पडद्यावर शब्दही दिसतात. सुरुवातीला हे शब्द असे उमटत : एक ऑपरेटर ऐकलेले वाक्य स्वतःच्या आवाजात पुन्हा म्हणे आणि त्याच्या आवाजाला सरावलेले यंत्र त्याचे मजकुरात रूपांतर करी. दोघा बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसे. २०१८ मध्ये आयोगाने माणसाशिवाय, निव्वळ यंत्राने मथळे देण्यालाही मान्यता दिली. तिसरा माणूस आधी अदृश्य झाला आणि मग उठूनच गेला. यावर आनंद मानायचा की काळजी करायची, याचे उत्तर भाषेवर ठरते. न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मराठी आजीला पुण्याच्या बहिणीशी बोलताना पडद्यावर काय दिसेल? नियमांनी आखलेली ती सगळी व्यवस्था इंग्रजीभोवती, फार तर स्पॅनिशपर्यंत उभी राहिली.

इतर देशांचा आढावा इथे घेत बसत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ पासून लिव्हरपूलहून टाइपटॉक चाले आणि २०२२ च्या जूनपासून तिथे आणीबाणीचा ९९९ सांकेतिक भाषेतही मिळतो. जपानने २०२० मध्ये कायदा करून १ जुलै २०२१ पासून रिले ही सार्वजनिक सोय केली आणि खर्च देशातल्या सगळ्या फोनधारकांवर अगदी थोडा थोडा वाटून टाकला. दोन्हीकडे खुर्ची तीच, पगाराची पाकिटे वेगळी.

भारतात मात्र मधला एक अख्खा अध्याय घडलाच नाही. १९९१ मध्ये आपल्याकडे शंभर माणसांमागे एकसुद्धा फोन नव्हता, तेव्हा टेलिप्रिंटर घरी आणून कर्णबधिरांचे जाळे उभे करायचा प्रश्नच नव्हता. फोन करायचा तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून. अपंगांना रोजगार म्हणून हे बूथ प्राधान्याने दिले जात. ज्याला बोलता येत नाही त्याने कागदावर चार ओळी लिहून बूथवाल्यापुढे सरकवायच्या आणि त्याने पलीकडे बोलायचे. हीसुद्धा रिलेच होती, मोबदला नसलेली, गुप्ततेचा नियम नसलेली, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या चार जणांना ऐकू जाणारी. मग एसएमएस आला. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्समध्ये कर्णबधिर कर्मचारी पाकिटे पोचवतात. अशा कामात फोन उचलता न येणे ही अडचण नुसत्या मेसेजने कितीतरी कमी होते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि लोकलच्या डब्यात फोन समोर धरून खुणांनी गप्पा मारणारी मुले दिसू लागली. पण यात एक भेद नीट ओळखायला हवा. कर्णबधिर माणूस दुसऱ्या कर्णबधिराशी थेट बोलतो तेव्हा त्याला कुणाची गरज नसते. बँकेशी, शाळेशी, गॅसच्या एजन्सीशी बोलायचे तर पलीकडे खुणा जाणणारे कोणी नसते. ‘मराठीसाठी एक दाबा’ त्याला ऐकूच येत नाही.

ती जागा आज घरातली माणसे भरून काढतात, आणि बहुधा घरातले मूल. आईवडील दोघेही कर्णबधिर असतील तर आठ-नऊ वर्षांची मुलगी दवाखान्यात नंबर लावते, आईचे पाळीचे दुखणे डॉक्टरला सांगते, वडिलांच्या थकलेल्या हप्त्याबद्दल बँकेच्या माणसाची दमदाटी ऐकते आणि त्यातले किती पुढे पोचवायचे हे स्वतःच ठरवते. अमेरिकेच्या नियमावलीने ऑपरेटरला सांगितलेली प्रत्येक गोष्ट इथे उलटी होते. सगळे लक्षात राहते, बदलून सांगितले जाते, आणि मध्येच उठताही येत नाही.

कायद्याची चौकट आपल्याकडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख आणि वाचादोष असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. माणसे शिकवायची सोयही कोरी नाही. मुंबईत माझगावला १८८५ पासून कर्णबधिरांची शाळा होती, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून काम करते आहे, दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र निघाले. आपल्या शाळांनी मात्र दीर्घकाळ ओठ वाचून समजण्यावर आणि तोंडाने बोलण्यावर भर दिला, आणि फोनवर ओठ दिसत नाहीत.

मराठीत काम करू पाहणाऱ्याला इथे खास आपले असे प्रश्न भेटतील. इंग्रजी ऑपरेटर ‘मी येईन’ म्हणताना लिंगाचा विचार करत नाही. मराठीत खुर्चीवर पुरुष आणि फोन बाईंचा असेल तर तो ‘मी चारला येते’ म्हणणार का? पलीकडचा दचकेल. ‘येतो’ म्हणाला तर बाईंचे ‘मी’ हिरावले गेले. त्याहून अवघड गोष्ट मानाची. सांकेतिक भाषेत सर्वनाम म्हणजे बहुधा बोटाने केलेला निर्देश. तेवढ्यावरून दुभाष्याला क्षणात ठरवायचे असते, समोरच्याला तू म्हणायचे, तुम्ही म्हणायचे की आपण. पलीकडचा आवाज सासूबाईंचा आहे की शाळेतल्या मैत्रिणीचा, हे कळेपर्यंत एक-दोन वाक्ये होऊन गेलेली असतात आणि गैरसमज व्हायला एक पुरते. जसेच्या तसे पोचवायचा नियम इथे कसा पाळणार? जे मुळात सांगितलेच गेले नाही, ते मराठी बोलताना सांगितल्यावाचून राहता येत नाही. आणि यंत्राने मथळे द्यायचे म्हटले तर वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांचे काय, निम्मे इंग्रजी शब्द मिसळून बोलणाऱ्या मुंबईकराचे काय, हे आणखी वेगळे. याची उत्तरे अमेरिकन किंवा जपानी अनुभवातून मिळणार नाहीत. ती आपल्या माणसांना बसवून, करून पाहूनच काढावी लागतील.

शेवटी, काम कसे करायचे याबद्दल. या क्षेत्रातली मोठी अडचण अशी की आपले मूळ साहित्य कायद्याने पुसले जाते. कॉलचा मजकूर ठेवायचाच नाही, तर संशोधकाने वाचायचे काय? पाश्चात्त्य अभ्यासकांनी यावर तीन मार्ग काढले : दुभाष्यांच्या मुलाखती, सर्वांच्या संमतीने रचलेले नकली कॉल, आणि टेलिप्रिंटरवरून निघालेल्या कागदाच्या गुंडाळ्या, ज्या काही जणांनी घरात जपून ठेवल्या होत्या. पहिले दोन आपल्यालाही वापरता येतील. तिसऱ्याच्या जागी मी सुचवीन की घरच्या घरी रिले करत वाढलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांकडे जावे. कोल्हापूर, नांदेड, पणजी, कुठेही. त्यांनी कोणते फोन केले, काय गाळले, काय मऊ करून सांगितले, हे त्यांना विचारावे. मुलाखत घेताना आईवडिलांना शेजारी बसवायचे की नाही, आणि बसवले तर त्यांच्यासाठी दुभाष्या कुणाला आणायचे, हे आधी ठरवावे. त्या मुलालाच दुभाष्या करायचा मोह होईल. तो टाळावा, आणि बाहेरून दुभाष्या आणण्याचा खर्च संशोधनाच्या अर्जात पहिल्यापासून लिहावा.